एका निवेदनात एकच मागणी

लातूरच्या आमच्या कार्यालयात दुपारी बारा ते चार ही निवेदनांची वेळ होती. ती कोणी ठरवलेली नव्हती. लोक आधी कलेक्टर ऑफिसला जात, तिथे निवेदन देत, देतानाचा फोटो काढत, पोहोच घेत आणि मग एकेक प्रत द्यायला वर्तमानपत्रांच्या कार्यालयांतून फिरत. आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. आमच्यापर्यंत येईतो पाच जणांचे शिष्टमंडळ दोघांवर आलेले असे. बाकीचे खाली टपरीवर चहा पीत थांबत.

माझे टेबल दारासमोर होते. अंगणवाडी सेविका, रोजगारसेवक, होमगार्ड, बाजारातले हमाल, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया, असे सगळे त्या टेबलाशी येत. कागद निरनिराळे असत, पण बहुतेकांच्या पोटात मजकूर एकच : मिळते त्यात भागत नाही, वाढ द्या.

निवेदनाची बातमी करण्याचे नियम मी नवीन असताना शिकले आणि पुढे इतरांना शिकवले. मागणी पहिल्या वाक्यात घ्यायची. ‘अत्यंत’, ‘तुटपुंज्या’, ‘प्रामाणिकपणे’ हे शब्द काढायचे. सह्या कितीही असोत, नावे पाचच. शेवटच्या वाक्यातले ‘अन्यथा’ मात्र ठेवायचे. मागणी मान्य झाली नाही तर उपोषण, मोर्चा, कामबंद, जे काही असेल ते त्या ‘अन्यथा’नंतर येते आणि साहेब लोक तेवढेच वाचतात.

एका पावसाळ्यात रेणापूरकडची खिचडी शिजवणारी एक बाई निवेदन घेऊन आली. पन्नाशीची, पदराने घाम पुसणारी. तिच्या कागदावर अकरा मागण्या होत्या. मानधन, गॅसची टाकी, भांडी, उन्हाळ्याच्या सुट्टीतले पैसे, ओळखपत्र आणि बरेच काही.

“मावशी, एका निवेदनात एकच मागणी करायची,” मी म्हणाले. “अकरा मागितल्या की साहेब सगळ्यात सोपी निवडतात आणि ओळखपत्र देऊन मोकळे होतात.”

“मंग बाकीच्या धा कुठं ठिवू?”

“पुढच्या वेळी दुसरी आणा.”

“म्हंजे वर्सभर पायऱ्याच चढू का मी?” असे म्हणून ती हसली. पण तिने माझ्याच पेनने दहा मागण्यांवर रेघ मारली आणि मानधन तेवढे ठेवले.

हे काम मी सतरा वर्षे केले. त्यातल्या शेवटच्या सहा वर्षांत माझा पगार वाढला नाही. पदे मात्र दोनदा वाढली.

आमच्या दैनिकाचे मुख्य कार्यालय नांदेडला होते. मालक तेच संपादक. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. पगारवाढ मागणाऱ्याला पद द्यायचे, ही त्यांची पद्धत होती. दर वर्षी हिवाळ्यात वर्धापनदिन होई. शाल, नारळ आणि एक लिफाफा मिळे. लिफाफ्यात नव्या पदाचे पत्र असे आणि सोबत शंभर व्हिजिटिंग कार्डांची डबी. अशा रीतीने मी उपसंपादकाची वरिष्ठ उपसंपादक झाले आणि तीन वर्षांनी आवृत्ती समन्वयक झाले. लातूर आवृत्तीत मी आणि एक वार्ताहर असे दोघेच होतो. समन्वय करायचा तर एकमेकांशी करावा लागे. ज्या गावात मला सगळे ओळखत त्या गावात कार्ड कोणाला द्यावे हाही प्रश्न होता. माझे पती कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर किराणा लिहून नेत.

पती रेणापूरच्या एका हायस्कुलात शिक्षक आहेत. त्या वर्षी त्यांच्या ओळखीच्या एका क्लासवाल्या सरांनी माझ्यासाठी निरोप पाठवला. लातुरात क्लासची कमतरता नाही. या सरांना नोट्स आणि प्रश्नपत्रिका छपाईला जाण्यापूर्वी तपासणारे माणूस हवे होते. वेळ सकाळी दहा ते सहा, पगार माझ्यापेक्षा जवळपास दुप्पट.

“जा की,” पती म्हणाले. “शुद्धलेखनच तपासायचंय. इथं तरी दुसरं काय करतेस?”

मी दुसरे काय करत होते ते मला नीट सांगता आले नाही. सकाळी पेपर उघडल्यावर काल आपण काढलेला एक शब्द तिथे नाही, हे बघण्यात मला समाधान होते. ते दुसऱ्याला दाखवता येत नाही, कारण दाखवायला काही शिल्लक नसते. मला तेच काम करायचे होते. फक्त त्यात भागत नव्हते. मुलगा दहावीत होता, सासऱ्यांचे डायलिसिस सुरू झाले होते, आणि घरात ज्याचा पगार कमी त्याच्या नोकरीकडे सगळे हळूहळू छंद म्हणून बघू लागतात, हेही मला दिसत होते.

“दिवाळीपर्यंत बघ,” पती म्हणाले. “भाऊसाहेबांनी वाढवले तर राहा. नाही तर सरांना हो म्हण. ते काय जन्मभर थांबणार नाहीत.”

मी भाऊसाहेबांना फोन केला. मागणी पहिल्या वाक्यात घेतली.

“ताई, असं फोनवर बोलायचं असतं का?” ते म्हणाले. “तुम्ही काय परक्या हाव का? नांदेडला या. घरी जेवायलाच या.”

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी सकाळच्या बसने निघाले. अहमदपूरला बस दहा मिनिटे थांबली. लोह्याच्या पुढे खिडकीबाहेर सोयाबीनची रास करणारी माणसे दिसत होती. मी मनात वाक्ये लावत होते. सतरा वर्षे. सहा वर्षे वाढ नाही. लातूरचे पान एका माणसावर चालते. पाच हजार. यात एकही विशेषण नव्हते आणि मला ते मुद्दे भक्कम वाटत होते.

भाऊसाहेबांच्या घरी कोणाला उपाशी परत जाऊ देत नसत, हे सगळ्या मराठवाड्याला माहीत होते. त्यांच्या मिसेस, वहिनी, स्वतः वाढत. आमच्यातला जो कोणी पगाराचे बोलायला जाई त्याला आधी जेवायला बसवले जाई. ज्वारीची गरम भाकरी ताटात पडत असताना पैशाचे बोलणे काढता येत नाही. जेवण झाल्यावर पोट भरलेले असते आणि परतीच्या बसची वेळ झालेली असते. मी हे ऐकून होते. म्हणून पहिल्या घासालाच सुरुवात केली.

“भाऊसाहेब, पाच हजार वाढवा. सहा वर्षं झाली.”

वहिनींचा हात भाजीच्या पातेल्यात थांबला. भाऊसाहेबांनी कांदा फोडला.

“जेवा तर आधी. मिस्टर कसे हायेत?”

“बरे आहेत.”

“हायस्कुलात ना? पर्मनंट?”

“हो.”

“मग?”

या ‘मग’मध्ये प्रश्न नव्हता. मी म्हणाले, “त्यांचा पगार त्यांच्या कामाचा आहे. मी माझ्या कामाचं बोलतेय.”

“तसं न्हाई ताई. मी काय म्हणून राहिलो, ज्याच्यावर सगळं घर हाय त्याला आधी द्यावं लागतं. इथं नांदेडात एकेकाचे लई हाल हायेत. तुमचं देवाच्या दयेनं बरं चाललंय.” मग वहिनींकडे बघून, “अगं, ताईला ठेचा वाढ. लातूरला असा मिळत न्हाई.”

“लातूरच्या पानाच्या जाहिराती गेल्या वर्षी वाढल्या,” मी म्हणाले.

“त्या जाहिरातवाल्यानं आणल्या.”

“पान चांगलं निघतं म्हणून मिळाल्या.”

“हाव की. कोण नाही म्हणतंय? पान एक नंबर हाय. मी इथं सगळ्यांना सांगतो, ताईकडून शिका.” त्यांनी पाणी प्यायले. “एक काम करा. लेखी द्या. अर्ज असला म्हणजे मला बी विचार करायला बरं.”

वहिनींनी निघताना ठेच्याची बरणी दिली. सतरा वर्षांत मी मालकाकडून वर्धापनदिनाखेरीज नेलेली ही पहिली वस्तू. लोह्याच्या अलीकडे तिचे तेल पिशवीत पाझरले आणि माझी वही भिजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अर्ज लिहायला बसले. इथे एक अडचण आली, जी मला आधी सुचली नव्हती. मला ‘मी’ लिहिता येईना. सतरा वर्षे मी इतरांच्या मजकुरातून ‘मी’ आणि ‘आम्ही’ काढत आले होते. ‘मी आपल्या दैनिकात’ असे टाइप केले आणि बोटाने आपोआप मागे येऊन ते खोडले. तीनदा असे झाले. शेवटी मी ठरवले की आधी बातमीच लिहावी, मुद्दे जागेवर पडतील, मग त्यावरून अर्ज करावा. चार वाक्ये पाच मिनिटांत झाली :

‘लातूर : सहा वर्षांपासून वेतनवाढ न मिळालेल्या येथील एका महिला कर्मचाऱ्याने व्यवस्थापनाकडे दरमहा पाच हजार रुपये वाढीची मागणी केली आहे. या काळात त्यांचे पद दोन वेळा उंचावण्यात आले, वेतन तेवढेच राहिले. पती नोकरीत असल्याने वाढीची गरज नसल्याचे व्यवस्थापनाने सांगितल्याचे त्यांनी म्हटले आहे. दिवाळीपर्यंत निर्णय घ्यावा, अन्यथा दुसरीकडे काम स्वीकारावे लागेल, असा इशारा त्यांनी दिला आहे.’

वाचून बघितले. काढण्यासारखे काही नव्हते. सवयीने सेव्ह केले. मग वेगळ्या कागदावर हाताने अर्ज लिहिला. त्यात ‘मी’ आला, ‘विनंती’ आली, ‘आपला आशीर्वाद’ आला. अन्यथा असलेले वाक्य लिहिले आणि पुन्हा वाचताना काढून टाकले. ज्यांच्या घरी काल जेवले त्यांना इशारा कसा द्यायचा, असे वाटले. दुपारच्या बसने नांदेडला ऑफिसची थैली जाई. तिच्यात लिफाफा टाकला.

दिवसभराची निवेदने मी ज्या फोल्डरमध्ये ठेवत असे तो फोल्डर नांदेडला आपोआप दिसे. तिथला पान लावणारा सहकारी संध्याकाळी सहाच्या आत त्यातून लातूरचे पान भरे. ती चार वाक्ये मी त्याच फोल्डरमध्ये सेव्ह केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, चहा घेताना, पान चारवर उजवीकडे खाली, एका कॉलमात मला ती दिसली. वर मथळा होता : ‘पद वाढले, पगार नाही’. चांगला मथळा होता.

मी पेपर पतींपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचले.

“ही तू?”

“हो.”

“नाव नाही ते बरं झालं.” पुन्हा वाचले. “पती नोकरीत असल्याने. म्हणजे मीही आलो पेपरात.”

मी नांदेडच्या सहकाऱ्याला फोन लावला. वयाने माझ्याच बरोबरीचा, पण पान लावायला माझ्याकडे शिकलेला म्हणून मॅडम म्हणायचा.

“फोल्डरात होती मॅडम,” तो म्हणाला. “तुमची कॉपी मी कधी हात लावत नाही. याच्यातही एक शब्द काढला नाही. का, काही चुकलं का?”

“नाही. बरोबर लागली.”

“मथळा माझा होता.”

“चांगला आहे,” मी म्हणाले आणि फोन ठेवला. ती बाई कोण हे त्याने विचारले नाही. आमच्याकडे निवेदन कोणाचे हे कोणी विचारत नसे. मागणी काय तेवढे बघत.

मला वाटले होते की आता नांदेडहून फोन येईल. आला नाही. त्याऐवजी लातुरातून येऊ लागले. साडेदहाला एका पतसंस्थेचे चेअरमन बोलले. त्यांचा आवाज खाली होता. “मॅडम, ती आमच्याकडची आहे का, तेवढंच सांगा. नाव सांगू नका.” मी नाही म्हणाले. “नक्की ना? आमच्याकडच्या एकीला बी दोन वेळा पद दिलंय.” नंतर एका साडीच्या दुकानातून फोन आला, नंतर एका शाळेतून. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आले की ही चार वाक्ये लातुरातल्या बऱ्याच मालकांना आपापल्या घरचीच वाटली आहेत.

तीन वाजता पंचविशी-तिशीची एक तरुणी पायऱ्या चढून आली. एका लॅबमध्ये रक्त तपासायचे काम करते म्हणाली. हातात आमचा पेपर घडी करून धरला होता.

“मॅडम, ही बातमी कुनी दिली वो?”

“का, काय झालं?”

“आमच्या डॉक्टरांनी सकाळी पेपर टेबलावर टाकला. म्हनले, हे तू दिलंस का? मी म्हनलं, आईशप्पत न्हाई. म्हनले, मंग माज्याकडं कशाला बगत बसलीस? मी म्हनलं, सर, मी दिली न्हाई, पन लिवलंय ते खरं हाय की.”

“मग?”

“मंग गप बसले. नवऱ्याचं दुकान हाय म्हनून तुला काय कमी, असं मलाबी म्हनले होते गेल्या दिवाळीला. जशाच्या तसं छापलंय बगा.” तिने खुर्ची ओढली. “कोन हाय ती बाई? मला भेटायचंय तिला.”

“नाव छापलं नाही म्हणजे सांगता येत नाही.”

“मी कुनाला सांगू? तिला निस्तं म्हनायचंय, भारी केलंस बाई.”

मी तिला पाणी दिले. स्वतःचेच नाव गुप्त ठेवण्याची वेळ माझ्यावर पूर्वी आली नव्हती. ती गेल्यावर मी तीन निवेदने संपादित केली.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. डॉक्टरांनी दोन हजार वाढवले होते. वर म्हणाले होते, “आता पेपरात काय देऊ नको बाई.” मी अभिनंदन केले. ती म्हणाली, “त्या बाईचं काय झालं, मॅडम?” मी म्हणाले, अजून कळले नाही. ते खरे होते.

भाऊसाहेबांचा फोन त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. आवाज खुशीत होता.

“ताई, ती पगाराची बातमी कोणाची हो? लई फोन येऊन राहिले मला. कंधारवरून एक जण म्हणला, भाऊसाहेब, माझ्या बायकोचीच कहाणी हाय. असं पाहिजे! तुम्ही याच्यावर मालिकाच करा. नोकरदार महिलांचं दुखणं. पाच भाग. फोटो बिटो टाकून.”

“भाऊसाहेब, माझा अर्ज मिळाला का?”

“कोणता?”

“पगारवाढीचा. थैलीतून पाठवला होता.”

“असंल टेबलावर. बघतो मी. तुम्ही आधी मालिकेचं बोला.”

“त्या बातमीतली बाई मी आहे.”

ते हसले. “मस्करी करून राहिल्या का?”

“नाही. अर्जाचे मुद्दे काढायला लिहिली होती. निवेदनांच्या फोल्डरमध्ये राहिली आणि चुकून पानात गेली.”

मी पहिल्यांदाच त्यांना बोलायला वेळ लागताना ऐकत होते. वाढ मिळायची असती तर ती याच वेळात मिळाली असती, असे मला अजून वाटते. मी काही बोलले नाही. बोलायला हवे होते का, याचा निर्णय मी अजून केलेला नाही.

“म्हणजे माझ्याच पेपरात माझ्याच विरोधात,” ते म्हणाले.

“नाव कोणाचंच नाही.”

“सतरा वर्षांत तुमची एक चूक निघाली न्हाई ताई. आन् निघाली तर ही?”

“हो.”

“घरातलं घरात बोलायचं सोडून तुम्ही चव्हाट्यावर आणलं. मी जेवायला घातलं तुम्हाला.” आवाज चढला नव्हता, दुखावलेला होता, आणि तो खरोखर दुखावलेला होता हे मला नोंदवले पाहिजे. “उद्याच्या अंकात खुलासा लावा. सदर बातमीशी या दैनिकाचा काही संबंध नाही म्हणून.”

इथे माझ्यातल्या उपसंपादकाने तोंड उघडले, मला न विचारता. “भाऊसाहेब, खुलासा छापला तर ज्यांना आज माहीत नाही त्यांनाही कळेल. सगळे आपापल्या मालकाचा विचार करत आहेत. आपला कोणी करत नाही.”

“हाव. हे बरोबर हाय.” मग हळूहळू आवाज पूर्वीसारखा झाला. “म्हणून मी म्हणतो, ताई हुशार हाय. राहू द्या खुलासा.”

“आणि अर्ज?”

“आता कसं देणार मी? तुम्हीच सांगा. आता दिलं तर इथले सगळे म्हणतील, पेपरात छापलं की मिळतं. उद्या मलाच माझ्या पेपरात जागा राहायची न्हाई.”

“आधीही दिलं नव्हतं.”

“आधीचं वेगळं होतं. आधी तुम्ही मागितलंच कुठं लेखी?” त्यांनी सुस्कारा टाकला. “बघतो मी तुमच्यासाठी काहीतरी. वर्धापनदिनापर्यंत बी थांबत न्हाई. आन् मालिका मात्र करा. विषय चांगला हाय.”

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात नांदेडहून परत आलेल्या थैलीत माझ्यासाठी दोन वस्तू होत्या. एक माझाच अर्ज. त्याच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहिले होते, ‘समक्ष चर्चा झाली’, आणि खाली सही. दुसरी वस्तू कार्डांची डबी. माझ्या नावाखाली ‘निवासी संपादक, लातूर’ असे छापले होते. अक्षर जरा मोठे घेतले होते.

मी डबी घरी नेली. पतींनी एक कार्ड काढले, उलटून मागची बाजू बघितली. या वेळी मागेही छापले होते : दैनिकाचे बोधवाक्य आणि सगळ्या आवृत्त्यांची यादी.

“आता किराणासुद्धा लिहिता येत नाही,” ते म्हणाले. थट्टा करायला सुरुवात केली होती, पण माझ्याकडे बघून थांबले. “सरांना काय सांगू?”

“हो सांगा.”

मग मी राजीनामा लिहिला. या वेळी ‘मी’ लिहिताना अडले नाही. वाक्य एकच होते : दिवाळीपर्यंत निर्णय न झाल्याने मी काम सोडत आहे. अर्जातून काढलेली गोष्ट त्यात घातली, तेवढेच. भाऊसाहेबांनी अर्ज वाचला असला तरी राजीनाम्यातला दिवाळीचा उल्लेख त्यांना नवा वाटला असणार, कारण तो मी बातमीत ठेवला होता आणि अर्जातून काढला होता. हमालांना, होमगार्डांना, खिचडीवाल्या बायांना मी सतरा वर्षे ‘अन्यथा’ ठेवायला लावले आणि माझ्या कागदावर ते ठेवायची वेळ आली तेव्हा मला ठेच्याची बरणी आठवली. हा राग भाऊसाहेबांवर काढता येत नाही, म्हणून तो जास्त टिकला.

मालिका मी केली नाही. पुढे दुसऱ्या कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास रेणापूरकडच्या त्या मावशी पायऱ्या चढून आल्या. या वेळी एकट्याच. दाराशी थांबून दम घेतला आणि कागद टेबलावर ठेवला.

“दुसरी मागनी आनली,” त्या म्हणाल्या. “तुमी म्हनला होता.”

“पहिलीचं काय झालं?”

“काय व्हायचं? ओळखपत्र दिलं.”

मी कागद वाचला. गॅसच्या टाकीची मागणी होती. पहिल्या वाक्यात होती. विशेषणे दोन होती, ती काढली. शेवटी लिहिले होते, ‘तरी साहेबांनी कृपा करावी.’

“मावशी, इथं ‘अन्यथा’ नाही.”

“साहेब चांगलं बोलले वो या टायमाला. खुर्ची दिली बसायला. त्यांना कसं धमकवावं?”

मी पेन त्यांच्यापुढे धरला. “चहा दिला का?”

“दिला की.”

“मग लिहाच.”

त्या खुर्चीवर बसल्या, पेन घेतला आणि विचारले, “काय लिवू? टाकी न्हाई दिली तर काय करनार म्हनून?”

“जे खरंच करणार असाल ते.”

त्यांनी बराच विचार केला. भिंतीवरच्या घड्याळाखाली माझी पिशवी भरून ठेवलेली होती. तिच्याकडे त्यांचे लक्ष गेले, पण त्यांनी काही विचारले नाही. शेवटी त्यांनी जड हाताने, एकेक अक्षर दाबून लिहिले : अन्यथा सोमवारपासून चूल पेटनार नाही.

मी ‘पेटनार’चे ‘पेटणार’ केले, बाकी तसेच ठेवले आणि बातमी त्या दिवशीच्या फोल्डरमध्ये सेव्ह केली.